‘वाईनयार्ड’ की ‘व्हिनयार्ड’? या शब्दाचा उच्चार, फोड आणि मूळ काय?

नाशिकमध्ये सगळे ‘वाईनयार्ड’ म्हणतात, तेच बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. नाही. इंग्रजीत हा शब्द (vineyard, म्हणजे द्राक्षबाग) दोन सिलॅबलचा, म्हणजे उच्चाराच्या दोन तुकड्यांचा आहे: व्हिन्-यर्ड. जोर पहिल्यावर, दुसरा आखूड.

गोंधळ स्पेलिंगमुळे होतो. गंगापूर रोडवरची पाटी वाचताना आधी ‘व्हाइन’ दिसतं, म्हणजे द्राक्षवेल, आणि पुढे यार्ड. सुटे असताना दोन्ही तसेच म्हणायचे. एकत्र आले की ‘आइ’चा ऱ्हस्व ‘इ’ होतो आणि ‘यार्ड’मधला आ विरून नुसता अ उरतो. ‘वाइझ’चं ‘विझ्डम’ आणि ‘शीप’चं ‘शेपर्ड’ होताना स्वर असाच आखडतो. शब्दकोशात फोडीची खूण ‘e’ या अक्षरानंतर दिसते (vine·yard). ती ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी असते, तिच्यावरून उच्चार ठरवू नका.

म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवून ‘व्हि’ काढा. ‘वाइन’ला दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. मराठीत दोन्हीकडे एकच ‘व’ चालतो, म्हणून आपल्याला हा फरक ऐकूच येत नाही. पुढचा ‘न्य’ ‘कन्या’तला. शेवटच्या ‘ड’ला जीभ मागे वळवू नका, वरच्या दातांमागच्या हिरडीला लावा. ब्रिटिश र गाळतात (व्हिन्यड), अमेरिकन ठेवतात.

मूळ तर फारच सुंदर आहे. लॅटिनमध्ये ‘विनुम’ म्हणजे द्राक्षाची दारू. त्यातला पहिला वर्ण ओठ गोल करून म्हणत, त्या काळात जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांनी, हा शब्द उचलला. त्याचं ‘वाइन’ झालं. पुढे लॅटिनमध्येच त्या वर्णाचा ‘व्ह’ झाला आणि त्याच कुळातला शब्द फ्रेंचमार्गे ‘व्हाइन’ होऊन आला. जुन्या इंग्रजीत द्राक्षबागेच्या शब्दात पुढे ‘वाइन’च होतं, साधारण 1300 च्या सुमारास तिथे ‘व्हाइन’ बसलं. ‘यार्ड’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, ‘गार्डन’चा नातलग. तीन फुटांचा यार्ड वेगळा, तो काठी या अर्थाच्या शब्दातून आलाय.

म्हणून वाइन बनवतात ती वाइनरी, वेली असतात ते व्हिन्यर्ड. निफाड-दिंडोरीतली खायच्या द्राक्षांची बागही इंग्रजीत व्हिन्यर्डच. मराठीत मात्र मी ‘द्राक्षबाग’च लिहीन.