सांगलीतल्या एका स्टार्टअपकडून ऑफर आहे. ऑफिसातल्या टीमने एकत्र काम करायचं ॲप बनवतात, नुकताच दहा हजार युजर झाल्याचा सोहळा केला. पुण्याची नोकरी सोडून जावं का?

केक कापला म्हणून जाऊ नका. जायचं की नाही ते नंतर बघू, आधी तो दहा हजारांचा आकडा कसला आहे ते विचारा.

मी अशाच एका कंपनीत होते. विश्रामबागेत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. ॲपही तसंच: ग्रुप, कामांची यादी, फायली, कोणी काय केलं याची नोंद, सगळं मराठीत. माझ्या कार्डावर ‘कस्टमर सक्सेस’ छापलेलं होतं. म्हणजे स्कूटीवरून कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत जायचं, लोकांच्या फोनमध्ये ॲप टाकून द्यायचं आणि ते त्यांनी वापरावं म्हणून हात धुऊन मागे लागायचं.

आमच्याकडेही असाच सोहळा झाला, पाच हजारांचा. भिंतीवर सोनेरी फुगे, टेबलावर कंपनीच्या लोगोचा केक, कागदी प्लेटांत भडंग, टीव्हीवर वर चढत जाणारा आलेख. गुंतवणूकदाराचा माणूस पुण्याहून आला होता, त्याच्यासाठीच सगळा थाट. आता त्या पाच हजारांतले निम्म्याहून जास्त आले कुठून? एका इंजिनिअरिंग कॉलेजातून. मार्केटिंगवाल्याने गॅदरिंगमध्ये स्टॉल लावला होता, नाव नोंदवा आणि टीशर्ट न्या. पोरांनी नाव नोंदवलं, टीशर्ट नेला, ॲप उडवलं. उडवलं तरी आमच्या आलेखात ती पोरं कायमची बसली.

मी सगळ्यांसमोर विचारलं, “दादा, यातल्या किती जणांनी गेल्या आठवड्यात ॲप उघडलं?” दादा म्हणजे आमचे संस्थापक, सगळे तेच म्हणायचो. ते म्हणाले, “अगं, आज तरी गप की.” सगळे हसले. केकचा पहिला तुकडा मार्केटिंगवाल्याला.

त्याच सुमारास माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाचा कारखाना ॲपवर यायला लागला होता. कुपवाडला, पंपाचे पार्ट मशिनिंग करून देणारा, चाळीसेक माणसं. त्यांचं सगळं काम व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर चालायचं. सकाळी गुलाबाची फुलं, मग कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस, आणि त्याच्या मधेच गिऱ्हाइकाने बदलून पाठवलेल्या ड्रॉइंगचा फोटो. एका रात्रपाळीला ऑपरेटरने वर सरकवत सरकवत जुनाच फोटो उघडला आणि त्या मापाने अख्खा लॉट काढला. बोअर, म्हणजे पार्टातलं भोक, मोठा झाला की तो परत लहान होत नाही. लॉट गेला भंगारात.

मालक तयार होते, सुपरवायझर मामा नव्हते. “फोनात बोटं घालत बसू का मशिनकडं बघू?” त्यांचं बरोबर होतं. हाताला कूलंट आणि तेल, त्यात मराठी कीबोर्ड. मी पाळी बदलताना तिथे जाऊन उभी राहायला लागले. जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला मशिनच्या आवाजात ओरडून सांगायचा, राहिलेलं एका तेलकट रजिस्टरात खरडायचा, आणि ते रजिस्टर कोणी उघडायचं नाही. मग आम्ही प्रत्येक जॉब नंबरचं वेगळं पान केलं. नवीन ड्रॉइंग आलं की जुनं समोरून निघून जायचं. आणि पाळी सोडताना लिहायचं काही नाही, फक्त बटण दाबून बोलायचं. मामांचा पहिला निरोप मला अजून पाठ आहे: “तीन नंबरचं टूल बदललंय, पहिला पीस मोजून घ्या, नायतर माझ्या नावानं बोंब मारू नका.”

पुढे एकदा आमचा सर्व्हर बंद पडला, तर मामांनी मला फोन करून जी काही सुनावली! मी खूश. शिव्या घालायला माणसाला ती गोष्ट लागायला हवी. टीशर्टवाल्या पोरांपैकी एकाचाही फोन आला नाही.

या धंद्यातल्या मोठ्यांकडे बघा. स्लॅक हे अमेरिकेतलं असंच टीमचं ॲप २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. ते एका बंद पडलेल्या गेमच्या कंपनीतून निघालं, आपसात बोलायला त्यांनी जे बनवलं होतं तेच पुढे विकलं. त्यांचे एक संस्थापक स्टुअर्ट बटरफिल्ड सांगायचे की एखाद्या टीमचे २,००० मेसेज झाले की तिने स्लॅक खरंच वापरून बघितलं असं धरायचं, आणि अशा टीमपैकी ९३ टक्के टिकून राहिल्या होत्या. नोंदणी झाली म्हणून गिऱ्हाईक मिळालं असं ते धरत नव्हते. त्यांचं बिल डोक्यामागे, पण ज्याने वापरणं सोडलं त्याचे उरलेले पैसे खात्यात परत जमा करायची पद्धत त्यांनी ठेवली. आमच्या दादांना हे सांगितलं तर म्हणाले, “तो अमेरिकेचा हिशोब.”

२०१९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की त्यांचं असंच ॲप, टीम्स, रोज १ कोटी ३० लाख लोक वापरतात, म्हणजे स्लॅकच्या पुढे. ऑक्टोबरमध्ये स्लॅकने आपला १ कोटी २० लाखांचा आकडा सांगितला आणि वर जोडलं की आमची पैसे भरणारी माणसं कामाच्या दिवशी ९० मिनिटं प्रत्यक्ष वापरतात. भांडण त्यांचंही आकड्यांचंच, पण रोज येणाऱ्या माणसांचं.

तेव्हा मुलाखतीत सरळ विचारा: पैसे भरणारे किती, या आठवड्यात ॲप उघडलेले किती, आणि वर्ष संपल्यावर परत पैसे भरलेले किती? उत्तराऐवजी आलेख दाखवला तर चहा पिऊन उठा. जमलं तर त्यांच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे घेऊन जा म्हणावं. खरं गिऱ्हाईक असेल तर तासाभराच्या अंतरावर असेल, सांगली काही एवढी मोठी नाही. शेअर्स देतो म्हणतील, ते पगाराच्या बदल्यात घेऊ नका.

गाव लहान म्हणून नाही म्हणू नका मात्र. झोहो ही कंपनी तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यातून सॉफ्टवेअर बनवतं, २०११ पासून. शिवाय पुण्याचं भाडं वजा केलं तर तुमच्या दोन ऑफरमधला फरक किती उरतो ते तुम्हीच मांडा, तुम्ही आकडे दिलेले नाहीत. आणि हो, आमचा पगार कधी थकला नाही, हेही सांगायला हवं. दादा माणूस म्हणून वाईट नव्हते, २०१९ च्या पुरात त्यांनी ऑफिसात लोकांना राहू दिलं होतं. मी कोडिंगवाली नाही, त्या बाजूने तिथे शिकायला किती मिळेल ते एखाद्या डेव्हलपरला विचारा.

पण मार्केटिंगवाला अजून लिंक्डइनवर त्या पाच हजारांची पोस्ट दरवर्षी वर काढतो, म्हणून लिहिते: वर्ष संपल्यावर कुपवाडच्या कारखान्याने चाळीसच्या चाळीस माणसांचे पैसे परत भरले. कॉलेजातून एक रुपया आला नाही. आलेख काढणाऱ्याने हेही कधीतरी पोस्टीत टाकावं.