कोकणात १५ गुंठ्यांसाठी जुना मिनी ट्रॅक्टर घ्यावा का? उन्हाळी भाजीसाठी जमीन कशी करावी?

तुमचं म्हणणं असं: भातकापणीनंतर १५ गुंठ्यांचं खाचर मोकळं आहे, विहीर आहे, काकडी-भेंडी-माठ करायचाय आणि एक जुना १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर नजरेत आहे.

आधी सरळ सांगतो. नुसत्या १५ गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर हिशेबात बसत नाही. तासावर भाड्याने आणलेला परवडतो. भात, बागेतली मशागत, शेणखत-पेंढ्याची वाहतूक अशी कामं वर्षभर निघत असतील तरच स्वतःचा घ्या. आणि ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी तो शेतात उतरेल का ते बघा. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्या, गडग्यातली (दगडी कुंपणातली) फट, बेड्याची (फाटकाची) रुंदी हे सगळं टेपने मोजा. ट्रॅक्टर जाईल पण मागचा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार) गडग्याला अडकेल, हे इथे नेहमीचंच.

कोकणातल्या जुन्या ट्रॅक्टरचं वय तासांच्या मीटरवर जोखू नका. त्याने किती चिखलण्या (भातलावणीआधी पाण्यात माती घोटणं) केल्या ते विचारा. एक्सलपर्यंत चिखलात चालल्याने ऑइल सील झिजतात, गाळपाणी आत जातं आणि बेअरिंग-गियर संपतात. वरून रंग मारला की यातलं काही दिसत नाही. म्हणून सकाळी, ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना जा. मालकाला गियरबॉक्सचा खालचा नट किंचित सैल करायला सांगा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. आधी पाण्याचे थेंब आले किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सील गेलेत. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या हबचंही असंच तपासा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन गेलेलं आहे.

इंजिन गारच हवं. तुम्ही पोचायच्या आत गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. लोड घेताना काळा धूर आला तर निदान एअर क्लीनर किंवा इंजेक्टरचं काम आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. क्लचसाठी ब्रेक दाबून मोठ्या गियरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. नुसतं घरघरत राहिलं तर प्लेट झिजलीय. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटांत तो जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकचा खर्च किमतीतून वजा करा. खाडीकाठचं यंत्र असेल तर खाऱ्या हवेने बॅटरीची टोकं, वायरिंग, रेडिएटरच्या जाळ्या खाल्लेल्या असतात, तेही बघाच.

आरसी बुकावरचा चासी आणि इंजिन नंबर यंत्राशी जुळवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात; कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता जमीन. भातानंतरचं खाचर फेब्रुवारीपर्यंत विटेसारखं होतं. कोरड्यात रोटाव्हेटर घातला तर पाती आपटतात, बोल्ट तुटतात, खाली माती तशीच राहते. पाणी सोडा आणि वाफशाची, म्हणजे माती नांगरण्याजोगी ओलसर होण्याची, वाट बघा. मातीप्रमाणे तीन ते पाच दिवस लागतात. मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय. चपटा होऊन बसला तर थांबा, ओल्यात नांगरलेल्याची ढेकळं पावसाळ्यापर्यंत फुटत नाहीत.

आधी कल्टिव्हेटर (फणांचं औजार) उभा-आडवा, मग आठवडाभर ऊन. चिखलणीमुळे खाली जो कडक थर झालेला असतो तो फणांनीच फुटतो, रोटाव्हेटर त्याच्यावरून घासत जातो. मग गुंठ्याला २०० किलो कुजलेलं शेणखत, म्हणजे १५ गुंठ्यांना तीन टन. कच्चं नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते. शेवटी लहान गियरमध्ये, चार-पाच इंच खोल, रोटाव्हेटरचा एकच फेरा आणि मागची फळी थोडी उचललेली. ‘मैद्यासारखी माती’ करण्याचा मोह आवरा. पहिल्या पाण्यालाच वर पापुद्रा धरतो आणि माठाचं बी उगवत नाही. जांभ्याची माती आम्ल असते, पण चुना माती परीक्षणाशिवाय टाकू नका आणि शेणखताबरोबर तर नकोच, नत्र उडून जातं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

बांध ओलांडताना ट्रॅक्टर तिरका घालू नका, सरळ काटकोनात न्या. उतारावर आडवा चालवला की उलटतो, आणि मिनी ट्रॅक्टरला बहुधा वर संरक्षक चौकट नसते.

पेरणीची तारीख विहीर ठरवेल. काकडीला पहिल्या तोड्यापर्यंत साधारण ४५ दिवस, भेंडीला ५०, लाल माठाला ३०. पाणी एप्रिलमध्ये आटत असेल तर काकडी-भेंडी जानेवारीतच टाका, म्हणजे मशागत डिसेंबरअखेर उरकायला हवी. उरलेल्या पाण्यावर माठ करा आणि ओळींत भाताचा पेंढा पसरा. वानरांचा त्रास मात्र यातल्या कशानेच थांबत नाही, कुंपण आणि राखण दोन्ही धरून चला.