ड्रायर फिरत नाही? आधी आवाज ऐक
सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर अडला म्हणून लगेच मोटर बदलू नकोस रे. टायमर लावून कान दे. अगदी शांत असेल तर झाकणाजवळच्या स्विचची पत्ती गंजलीय का बघ. नुसती घुंऽऽ करत असेल तर ताबडतोब बंद कर, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. प्लग काढ, मागचं कव्हर उघड, झाकण मिटून ड्रम खालून हाताने फिरव. जड लागला तर झाकण मिटल्यावर ब्रेक सोडवणारी वायर सैल झालेली असते, नाहीतर टबाच्या फटीत मोजा अडकलेला असतो. मला दोनदा सापडलाय. मोकळा फिरला तर बहुधा कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) गेलाय. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच (µF, त्याच्या क्षमतेचं माप) नवा आण. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून टोकांना उघडा हात अजिबात लावू नकोस.