गावात लॉटरीचं दुकान नाही, तिकीट आणायचं कसं?

प्रश्न : जवळचं लॉटरी केंद्र लांब आहे. गावातला एक जण सगळ्यांची तिकिटं आणतो, पण ती स्वतःकडेच ठेवतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : आणू द्या, पण तिकीट त्याच्याकडे ठेवू नका. बहुतेक ठिकाणी तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. तोंडी कबुली नंतर सिद्ध करणं अवघड जातं. तिकीट हाती येताच सोडतीची तारीख आणि क्रमांक तपासा, मागे नाव लिहून सही करा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सामायिक तिकीट असेल, तर कोणाचे किती पैसे हे सोडतीआधीच कागदावर घ्या. नंतर सगळ्यांचीच स्मरणशक्ती बदलते! यंत्रातून निघालेलं तिकीट उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदाचं असतं. उन्हात त्यावरची छपाई पुसट होते, गरम लॅमिनेशन केलं तर ते पार काळं पडतं.

केंद्र गावात येत नाही याचं कारण साधं : विक्रेत्याला विक्रीवर कमिशन मिळतं, आणि थोड्या गिऱ्हाइकांत यंत्राचा, नेटवर्कचा खर्च निघत नाही. किराणा दुकानदाराने जोडधंदा म्हणून अर्ज केला तर जमू शकतं. मात्र नेटवर्क गेलं की विक्री थांबते, म्हणून सोडतीच्या अगदी तोंडावर जाऊ नका.