आउटलॉ कंट्री संगीताचे चाहते आजही इतके कट्टर का आहेत?

कारण सत्तरच्या दशकात अमेरिकन कंट्री संगीतात उभ्या राहिलेल्या या बंडखोर चळवळीच्या गाण्यांत गायकाने झगडून मिळवलेलं स्वातंत्र्य ऐकू येतं. तोवर कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात गाणी कोणती, वादक कोण, मागे व्हायोलिनं किती, हे बहुतेकदा रेकॉर्ड कंपनीचा निर्माताच ठरवायचा. गायक वेलन जेनिंग्जने १९७२ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीकडून नवा करार पदरात पाडून घेतला आणि स्वतःच्या संगीताची सूत्रं हातात घेतली.

गायक विली नेल्सन तर नॅशव्हिल सोडून टेक्सासला परतला. तिथे ऑस्टिनमध्ये लांब केसांचे हिप्पी आणि काउबॉय त्याला एकाच सभागृहात ऐकायचे! त्याचा १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' इतका साधा, उघडावाघडा होता की कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला. आणि तोच तुफान खपला. माझ्या मते अख्खी चळवळ समजायला हा एक अल्बम पुरेसा आहे. पुढच्याच वर्षी वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांचा एकत्रित अल्बम आला. प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रती खपल्याचा मान, मिळवणारा तो पहिला कंट्री अल्बम.

विलीची 'ट्रिगर' नावाची गिटार तर नक्की बघा. वाजवून वाजवून तिला भोक पडलंय, तरी त्याने ती बदललेली नाही. चाहते जीव टाकतात ते अशा निष्ठेवर.