आमचे ॲडमिरल

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. त्यानं व्हाइस ॲडमिरल होऊन नौदलाचं ‘चीफ ऑफ पर्सोनेल’ पद मिळवावं, असं आम्ही ठरवलं आहे. माणसांत तो छान रमतो. बीबीए करून एचआरमध्ये एमबीए केलं तर चालेल ना? – एक पालक, सांगली

उत्तर : दोन पानांत ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय, मुलाचं नाव एकदाही नाही. दुसऱ्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : ‘मांडव्याच्या बोटीत मला उलटी झाली होती.’ पाकीट चिकटवण्याआधी ती तुमच्या नजरेस पडली नसावी.

घरी त्याला ‘आमचे ॲडमिरल’ म्हणता, पाहुण्यांसमोर सॅल्यूट करायला लावता, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला ते वाचून धास्ती वाटली. अशी मुलं माझ्यासमोर गप्प बसतात आणि वडील पाणी प्यायला बाहेर गेले की बोलायला लागतात.

आता एचआरचं. हे पद म्हणजे कंपनीतला एचआर विभाग नव्हे. भरती, नेमणुका, बढत्या तिथून हलतात हे खरं, पण त्या खुर्चीवर बसतो तो आयुष्य जहाजांवर काढलेला अधिकारी. 2024 मध्ये नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांचंच बघा. 1985 मध्ये कमिशन, संदेशवहन आणि इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्रात प्रावीण्य, मग ‘विनाश’, ‘किर्च’, ‘त्रिशूल’ या युद्धनौकांची कमान, पूर्वेकडचा ताफा, केरळात एळिमला इथली नौदल अकादमी. चीफ ऑफ पर्सोनेल झाले ते 2021 मध्ये, छत्तीस वर्षांनी. कमांडर हुद्द्यापर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. कॅप्टनपासून पुढे निवड होते, आणि भले भले तिथे थांबतात. एमबीएवाल्यांना लॉजिस्टिक्स (रसद-पुरवठा) शाखेत शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, मिळू शकते, पण ती वाट वेगळी.

बाकी नेहमीचंच : अकरावी-बारावीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), मग यूपीएससीची एनडीए परीक्षा किंवा जेईईतून एळिमलाची बीटेक प्रवेशयोजना. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही संस्था आहेच.

खरी गोची पुढे, एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीत. पाच दिवस मुलाला आतून-बाहेरून तपासतात. एकेक शब्द दाखवून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला लावतात, असे साठ शब्द. आई-वडिलांचं तुझ्याविषयी काय मत आहे, हेही लिहायला सांगतात. तुमचा मुलगा तिथे काय लिहील?

आता दोन शब्द त्याच्याशी. बाळा, बोट लागणं हा काही गुन्हा नाही. ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनलाही ती लागायची, शेवटपर्यंत. पण तुला समुद्रावर जायचंच नसेल, तर त्यासाठी उलटीचं निमित्त लागत नाही. ‘नको’ म्हटलंस तरी चालतं. मला वेगळं पत्र लिही, पेनानं. वर्गात कुठला तास संपू नये असं वाटतं, तेवढं कळव.

आणि साहेब, ते पत्र त्याचं त्याला पेटीत टाकू द्या. तोवर पाहुण्यांसमोरचा सॅल्यूट बंद.