खंडेनवमी आणि हायपरसॉनिक क्षेपणास्त्रं

वॉर्सा

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तू विचारलंस की, खंडेनवमीला आजी विळी, कात्री, बाबाची हत्यारपेटी पाटावर मांडून हळदकुंकू वाहते, आणि २०१९ च्या दसऱ्याला राजनाथ सिंहांनी फ्रान्समध्ये राफेल विमानावर ॐ काढून चाकांखाली लिंबं ठेवली. मग तुझ्या वर्गातल्या युक्रेनच्या मैत्रिणीच्या गावाकडे जी हायपरसॉनिक क्षेपणास्त्रं येतात, त्यांचीही पूजा करायची का? उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहून देतेय.

पूजेच्या आदल्या दिवशी आजी काय करते ते आठव. विळीचा गंज घासून काढते, कात्रीला तेल देते, धार बघते. गंध-फूल त्यानंतर. तसं आधी हे अस्त्र नीट पाहू.

आवाज जमिनीलगत तासाला साधारण १,२०० किलोमीटर जातो. त्याच्या पाचपट किंवा जास्त वेग म्हणजे हायपरसॉनिक. मुंबईहून पुणं सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, ते या वेगाने सव्वा मिनिटात येईल. पण नुसत्या वेगात नवल नाही. खंड ओलांडणारी जुनी क्षेपणास्त्रं याहून कितीतरी वेगाने खाली येतात. मात्र ती शेकडो किलोमीटर वर चढतात, रडारला लवकर दिसतात, आणि एकदा वाट दिसली की ती कुठे पडणार हे गणिताने काढता येतं. नवी अस्त्रं हवेतूनच जातात आणि जाताना वळतात.

एक प्रकार तरंगत जाणारा. रॉकेट त्याला वर नेऊन सोडतं. पुढे इंजिन नाही. नदीवर चपटा दगड फेकला की टप्पे घेत जातो, तसं ते वातावरणाच्या वरच्या थराचा आधार घेत हजारो किलोमीटर जाऊ शकतं. रशियाचं अवांगार्ड असं आहे; चीनने १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात दाखवलेलं डीएफ-१७ ही त्याच जातीचं. समोरची हवा जोरात दाबली जाऊन आणि घर्षणाने त्याचं टोक इतकं तापतं की साधा धातू टिकत नाही.

दुसऱ्या प्रकारात इंजिन असतं, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. साध्या जेट इंजिनात आत येणारी हवा मंदावून मग इंधन जाळतात. इतक्या वेगात हवा तेवढी मंदावली तर ती भयंकर तापते. म्हणून स्क्रॅमजेट नावाच्या इंजिनात हवा आवाजाहून जास्त वेगाने वाहत असतानाच इंधन पेटवायचं आणि पेटतं ठेवायचं. हवा आत असते सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ. हे इंजिन उभ्या जागी चालूही होत नाही, आधी रॉकेटने वेग द्यावा लागतो. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाजवळच्या कलाम बेटावरून डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने हे करून दाखवलं. रॉकेटने यान ३० किलोमीटर उंच नेलं, वरचं उष्णतारोधक कवच गळून पडलं, हवेचं तोंड उघडलं, इंजिन पेटलं, आणि यान आवाजाच्या सहापट वेगाने वीसहून जास्त सेकंद गेलं. वीस सेकंदांसाठी माणसांनी वर्षं घातली. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला अशा इंजिनाचा ज्वलनकक्ष जमिनीवरच्या चाचणीत हजार सेकंदांहून जास्त चालला.

युक्रेनवर रशियाने मार्च २०२२ पासून वापरलं ते किंझाल. ते मिग-३१ विमानातून सुटतं, पण घडणीने जुन्या क्षेपणास्त्रांच्या जवळचं आहे, त्यामुळे बरेच जाणकार त्याला खऱ्या अर्थाने नव्या जातीचं मानत नाहीत. ‘अडवताच येत नाही’ असा त्याचा बोलबाला होता. ४ मे २०२३ च्या पहाटे कीवजवळ पॅट्रियट या अमेरिकी बनावटीच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ते पाडलं. खाली दाट हवेत शिरलं की वेग घटतो, आणि तिथे गाठता येतं. मैत्रिणीला हे जरूर सांग.

अशी अस्त्रं महाग, म्हणून मोजकीच असतात. ती मुख्यतः राखून ठेवायची असतात युद्धनौका, रडार, सेनापतींची ठाणी अशा लक्ष्यांसाठी. मला काळजी वाटते ती मात्र वेळेची. पृथ्वी गोल असल्यामुळे कमी उंचीवरून येणारं अस्त्र जमिनीवरच्या रडारला उशिरा दिसतं. ते कुठे वळेल कळत नाही. किंझालमध्ये साधं स्फोटक आहे की अणुबाँब, हेही येईपर्यंत कळत नाही. उलट वार करायचा की थांबायचं, हे कुणीतरी मोजक्या मिनिटांत ठरवायचं. मराठ्यांच्या फौजा पावसाळा सरला, नद्या उतरल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. शत्रूलाही दसरा कधी ते ठाऊक असे. लढाया तेव्हाही क्रूरच होत्या, पण विचाराला, बोलणी करायला दिवस मिळत.

म्हणून माझं उत्तर: त्या इंजिनामागच्या विद्येला मी मनापासून हात जोडीन, पण ते अस्त्र आपल्या पाटावर नको. तू कदाचित दुसरं उत्तर काढशील. तुझ्या आजोबांनी नक्कीच काढलं असतं, आणि देशाचं रक्षण करणाऱ्यांना त्याची गरज वाटते हेही मला समजतं.

शस्त्रपूजेतली एक गोष्ट मात्र या अस्त्रांनाही लागू व्हावी असं वाटतं. त्या दिवशी शस्त्र कोठारातून बाहेर काढून उजेडात, सगळ्यांसमोर ठेवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये रशियाने अवांगार्ड अमेरिकी निरीक्षकांना दाखवलं होतं, कारण न्यू स्टार्ट करारानुसार दोघांनी एकमेकांची अस्त्रं मोजायची होती. त्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. तसा करार पुन्हा व्हायला हवा, आणि त्यात चीनही हवा.

तुझी,
आई